फाटा ते जळबाचा खड्डा

जळबांच्या लेकीला, साक्षीला, जुळं झालं ते वर्ष दोन हजार बावीस. मार्च महिना, उन्हाचा कडाका, आणि दोन्ही लेकरं एकाच वेळी रडायची. त्यामुळे ते साल विसरणं घरातल्या कुणालाच शक्य नाही. नामकरणाच्या पत्रिका जावयानं छापून आणल्या. कागद जाड, वर तथागताचं चित्र, खाली चार इवल्या पावलांचे ठसे. जळबांनी चष्मा लावून पत्रिका वरपासून वाचायला घेतली. शेवटच्या ओळीला आल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. ओळ होती तशीच होती.

‘स्थळ : मा. जळबा यांच्या खड्ड्याशेजारी, औद्योगिक वसाहत, हिंगोली.’

“हे कुणी लिवलं?” जळबांनी विचारलं.

“पप्पा, पाव्हण्यायला घर सापडलं पाहिजे ना,” साक्षी म्हणाली. “प्लॉट नंबर सांगितला की मान्सं पार परभणीच्या रोडला लागतेत. खड्डा म्हणलं की बराबर दारात येतेत.”

“आन् ‘माननीय’ काहून लावलं?”

“ते तुमाला हाय, पप्पा. खड्ड्याला न्हाई.”

पत्रिका अडीचशे वाटून झाल्या होत्या. जळबा त्या दिवशी जेवले नाहीत, म्हणजे एकच भाकर खाल्ली.

खड्ड्याला जळबांचं नाव कसं लागलं ते सांगितलंच पाहिजे, जरी त्यांना ते आवडत नसलं तरी. एसटीच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर त्यांनी वसाहतीच्या शेवटाला एक शेड घेतलं आणि हळद पॉलिश करायचा ड्रम टाकला. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये घातली की घासून घासून तिचं साल निघतं आणि ती नव्या नवरीसारखी होते. मागं दोन खोल्या, त्यात ते, बायको रुक्माबाई आणि मातोश्री मोतीबाई. फाटकासमोर बरोबर तो खड्डा. वसाहतीचा मुख्य रस्ता तिथं संपे आणि दुसऱ्या खात्याचा रस्ता तिथून सुरू होई. हे खातं म्हणे खड्डा त्यांचा, ते खातं म्हणे यांचा. दोन बायकांचा दादला उपाशी म्हणतात तशी त्या खड्ड्याची गत.

एका पावसाळ्यात तीन मोटारसायकली पडल्यावर जळबांच्या मनात लोकसेवा जागी झाली. त्यांनी पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून घेतली: ‘सावकाश. पुढे खड्डा आहे.’ पाटीत खाली जागा उरली होती. पेंटर म्हणाला, गणपतीच्या, जयंतीच्या कमानीवर सगळे टाकतात तसं टाकू का? जळबा म्हणाले, टाक. म्हणून खाली आलं: ‘सौजन्य : जळबा हळद पॉलिश.’

आठ दिवसांत साऱ्या जिल्ह्यातल्या ट्रक ड्रायव्हरांना कळलं की हा खड्डा जळबांच्या सौजन्यानं आहे. पाटी काढून टाकली तोपर्यंत उशीर झाला होता. फोनच्या नकाशातसुद्धा कुणीतरी ‘जळबाचा खड्डा’ अशी खूण करून ठेवली, आणि त्याला लोकांनी साडेचार तारे दिले. जळबांच्या हळदीला तीनच होते.

तर पत्रिका पाहून जळबांनी ठरवलं: डोळे मिटायच्या आत या खड्ड्यावरून आपलं नाव उतरवायचं. नातवंडं मोठी होतील, शाळेत जातील, मास्तर विचारतील, तुझा आज्जा कोण? पोरं काय सांगतील?

समोर व्यंकटरावांची डाळमिल. व्यंकटराव डोंगरकडा गावचे, आणि जगात जे काही होतं ते आधी डोंगरकड्याला होऊन गेलेलं असतं अशी त्यांची खात्री.

“जळबाभाऊ, आमच्या डोंगरकड्याला असंच झालतं. एक ट्रॉली मुरूम टाका, मामला खतम.”

जळबांनी मुरूम टाकला. दोन दिवस रस्ता कसा तव्यावरच्या भाकरीसारखा सपाट. तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, मुरमाचा गारा झाला, आणि सरकीचा एक ट्रक त्यात असा रुतला की ड्रायव्हरनं दोन रात्री जळबांच्या ओट्यावर मुक्काम केला. रुक्माबाईंनी त्याला चारी वेळा जेवू घातलं. जाताना तो म्हणाला, “चाचा, गड्ढा आपका अच्छा है, पर खाना बहोत अच्छा है.” त्यानं नकाशावर पाच तारे दिले.

“आता असं करा,” व्यंकटराव म्हणाले. “बेशरम लावा. खड्ड्यात बेशरमाचं झाड लावलं की सरकारला लाज वाटती.”

मोतीबाई फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या असत. त्यांनी विचारलं, “लाज वाटायची हाय सरकारला, मंग झाड आपण काहून लावायचं?”

पण जळबांनी लावलं. नाल्यातून फांदी आणली, खड्ड्यात खोचली, पेपरवाल्याला फोन केला. त्यानं जळबांना खड्ड्यात उतरवून, फांदीला हात लावून, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार बोटं रुंदीचा तो फोटो, आणि खाली ठळक अक्षरात: ‘जळबाच्या खड्ड्यात बेशरम.’

फांदी कुठं आहे ते फोटोत नीट दिसत नव्हतं. जळबा मात्र स्वच्छ दिसत होते.

बेशरमानं मूळ धरलं. महिन्याभरात त्याला जांभळी फुलं आली आणि सरकार सोडून सगळ्यांनी ती पाहिली.

मग जळबा रस्त्याच्या कार्यालयात गेले. तिथं माणिकराव नावाचे कारकून. त्यांनी अर्ज वाचला, ‘विषय : खड्डा बुजवणेबाबत’, आणि अर्ज दोन बोटांनी परत सरकवला.

“काका, खड्डा म्हंजे काय? तिथं रस्ता न्हाई. आता जे न्हाईच, त्याची फाईल मी कशी काढू?”

“मंग कशाची निघती?”

“दुरुस्तीची निघती. पण दुरुस्तीला रस्ता आधी चांगला असावा लागतो. तुमचा कधी होता चांगला?”

“कधीच न्हाई.”

“तर उन्नतीकरण म्हणून टाका. उन्नती कशाचीबी होती.”

उन्नतीकरणाला वसाहतीतल्या सगळ्या प्लॉटधारकांच्या सह्या लागणार होत्या. जळबा चाळीस दारं फिरले. प्रत्येकानं चहा पाजला, सही केली आणि सहीसोबत एक मागणी जोडली. बर्फ कारखान्याला खांब पाहिजेत, जिनिंगवाल्याला रुंदी पाहिजे, व्यंकटरावांना दोन्ही बाजूंनी नाली पाहिजे कारण डोंगरकड्याला आहे. खड्डा बुजवायला निघालेला माणूस अशा रीतीनं चोवीसशे मीटर सिमेंट रस्त्याचा, दोन नाल्यांचा आणि साठ खांबांचा बाप होऊन बसला. अर्जाच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘रुंदीकरणात बाधित होणाऱ्या बांधकामास आमची हरकत नाही.’ त्याखाली पहिली सही जळबांची. महिन्यानं त्यांच्याच भिंतीवर आणि फाटकावर लाल फुल्या आल्या.

“हरकत घ्या की,” रुक्माबाई म्हणाल्या.

“हरकत न्हाई म्हणून मीच लिवून दिलंय.”

“मंग वाचून काहून सही करत न्हाई?”

“इतराच्या सह्या गोळा करून राहिलो व्हतो. सवयीनं झाली.”

मोजणीची माणसं आली तेव्हा जळबा नेमके बसमतला हळदीच्या बाजाराला गेले होते. तिपाई लावून, फीत ओढून ती माणसं वसाहतीच्या फाट्यापासून मोजत मोजत शेवटाला आली. कागदावर रस्ता कुठून कुठपर्यंत ते लिहायचं होतं. त्यांनी चहा पिणाऱ्या एका हमालाला विचारलं, “या जागेचं नाव काय?” हमालानं जे खरं होतं ते सांगितलं.

मंजुरी आली ती अशी: ‘औद्योगिक वसाहत फाटा ते जळबाचा खड्डा या मुख्य रस्त्याचे उन्नतीकरण करणे.’

व्यंकटराव पेढे घेऊन आले. “जळबाभाऊ, सरकारदरबारी नाव लागलं. आमच्या सात पिढ्याचं निस्तं सातबाऱ्यावर लागलं.”

“खड्डा म्हणून लागलं, व्यंकटराव.”

“कसंबी लागू द्या. लागलं ना?”

जळबांनी पेढा खाल्ला. तो गोड होता, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

काम सुरू झालं आणि पुढचं दीड वर्ष वसाहतीत कुणी पांढरे कपडे घातले नाहीत. जळबांची भिंत गेली, फाटक गेलं. गुत्तेदारानं आधी अर्धा रस्ता खोदला, तो करता करता उरलेला अर्धा आपोआप खचला. धूळ अशी की पॉलिश केलेली हळद संध्याकाळपर्यंत सुंठीसारखी दिसे. पण एकेक तुकडा होत गेला, आणि एके सकाळी जळबा बाहेर आले तर शेडपासून तीनशे पावलांवर नवाकोरा सिमेंट रस्ता पसरलेला. स्वच्छ, सपाट, तापलेला, आणि अजून वाहनांना बंद.

हळदीच्या माणसाला असं आंगण दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. यात जळबांचा दोष नाही. आपल्याकडं नवा रस्ता झाला की आधी सोयाबीन जातं, मग तूर, मग मोटारी. जळबांनी वीस पोती शिजवलेली हळद रस्त्यावर पसरली. समोरच्या बाजूनं व्यंकटरावांनी डाळ पसरली. चार दिवस दोघं खुर्च्या टाकून सरकारचं कौतुक करत बसले.

हळद उचलली तेव्हा रस्ता पिवळा झाला होता. साधा पिवळा नाही, हळदीच्या कार्यक्रमात नवरदेव होतो तसा. त्याच दिवशी कनिष्ठ अभियंता प्रतिक्षा मॅडम पाहणीला आल्या. पोरगी तिशीच्या आतली, कामाला पक्की. जळबांना त्या कार्यालयात एरवी नुसती प्रतीक्षाच करावी लागे, पण ही प्रतिक्षा भेटली की काम पुढं जाई.

“हा एवढा रुंद पट्टा कुणी मारला?” त्यांनी गुत्तेदाराला विचारलं. “पट्टे तर शेवटी मारायचेत.”

गुत्तेदार पट्टा आपलाच म्हणायला निघाला होता. तेवढ्यात मॅडमनी वाकून बोट लावलं, वास घेतला आणि जळबांकडं पाहिलं.

“काका, हे घासून काढा.”

जळबा, रुक्माबाई आणि दोन हमाल तीन दिवस रस्ता घासत होते. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, रस्त्याला पण पॉलिश.

हे सगळं जळबांनी गिळलं, कारण रस्ता रोज खड्ड्याच्या जवळ येत होता. दोनशे मीटर, शंभर, तीस. दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात तो खड्ड्याच्या काठावर आला. आणि थांबला.

गुत्तेदारानं सामान आवरलं, मिक्सर ट्रकला जोडला, हातपाय धुतले.

“आवं, खड्डा राहिला,” जळबा म्हणाले.

“काका, कागदात काय हाय? फाटा ते खड्डा. खड्डा आला. आमी चाललो.”

नवा रस्ता हातभर उंच, पलीकडचा रस्ता सपाट, आणि मधोमध बारा फुटांचा तो खड्डा, आता आधीपेक्षा हातभर खोल. चोवीसशे मीटरच्या आरशासारख्या रस्त्यावर एकुलता एक. आधी वसाहतीत पन्नास खड्डे होते, त्यांत एक जळबांचा. आता खड्डा म्हटलं की जळबाच. पाऊस लागल्यावर त्यात पाणी साचलं, बेडूक आले. व्यंकटराव म्हणाले, मासे सोडा.

जळबा धावत माणिकरावांकडं गेले. माणिकरावांनी फाईल उघडली, एका अक्षरावर बोट ठेवलं.

“ ‘ते’. हा ‘ते’ पाहा, काका. ‘ते’ म्हंजे तिथपर्यंत. तिथं न्हाई.”

“तिथपर्यंत म्हंजे ते धरूनच ना?”

“कसं काय? मी तुमाला नांदेडपर्यंत सोडलं, म्हंजे नांदेडमदी सोडलं काय? वेशीवर सोडलं. आन् दुसरी गोष्ट. उद्या वरून तपासणी आली तर काम कुठं संपलं ते कसं दाखवायचं? खड्डा हीच खूण हाय. खूण बुजवता येत न्हाई.”

जळबांनी घरी येऊन रागाच्या भरात दोन टोपली दगड खड्ड्यात टाकले. पाचव्या दिवशी नोटीस आली: ‘शासकीय मोजमापाच्या खुणेस हानी पोहोचविल्याबाबत खुलासा करावा.’ जळबांना दगड वेचून बाहेर काढावे लागले. मग खात्याची दोन माणसं आली आणि त्यांनी खड्ड्याभोवती चुन्यानं रंगवलेले आठ दगड लावले. खड्डा आता नुसता जळबांचा राहिला नाही, सरकारी झाला.

नोव्हेंबरात बातमी आली की वरचे साहेब शेवटच्या पाहणीला येणार. त्यांनी पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही केली की काम संपलं, आणि मग पाच वर्षं त्या जागेला कुणी हात लावायचा नाही. प्रतिक्षा मॅडमनीच हळूच फोन करून सांगितलं.

“काका, मी लिहून पाहिलं. ऐकत न्हाईत. जे सांगायचं ते त्याच दिवशी सांगा.”

जळबांनी रात्रभर भाषण पाठ केलं. त्यात संविधान होतं, नागरिकांचे हक्क होते, एसटीतली बत्तीस वर्षांची सेवा होती. साहेब आले तेव्हा खड्ड्याभोवती चाळीस प्लॉटधारक जमलेले. जळबा पुढं झाले, “आदरणीय” एवढं म्हणाले, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. तोंड उघडं, हात वरच. व्यंकटरावांनी मागून “डोंगरकडा, डोंगरकडा” असं सुचवलं, त्याचा उपयोग झाला नाही.

साहेब शांत माणूस. त्यांनी फाईल घेतली, ‘फाटा ते जळबाचा खड्डा’ असं मोठ्यानं वाचलं, रस्त्याकडं पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं. “कागदाप्रमाणं काम पूर्ण दिसतं,” असं म्हणून त्यांनी खिशातला पेन काढला.

“साहेब,” खुर्चीतून आवाज आला, “तुमी पाढे शिकले असतान.”

मोतीबाई. जन्मभर निंदण-खुरपण केलेली बाई. साठीला पोचल्या तेव्हा बायांच्या साक्षरता वर्गात पाटी घेऊन बसल्या आणि उशिरा मिळालेली वस्तू माणूस जशी जपून वापरतं, तशी अक्षरं वापरत.

“शिकलो की, आजी,” साहेब म्हणाले.

“गुरुजी म्हणले, बे ते दहा पाढे म्हणा. तर तुमी नवाच्या पाढ्यावर थांबत होते काय?”

साहेबांचा पेन जागीच राहिला.

“मी थांबले होते एकदा,” मोतीबाई म्हणाल्या. “दहाचा सोपा म्हणून सोडला. आमची बाई माझ्या नातीच्या वयाची. म्हणली, मोतीबाई, ‘ते’ म्हणलं की शेवटचा धरूनच. उभं केलं मला तिनं. साठ वर्साची मी, उभी राहिले.”

माणिकराव पुढं आले. “आजी, पाढ्याचं येगळं. इथं टोक दाखवावं लागतं.”

“दहाचा पाढा संपला हे दाखवायला तुमी पाटीला खड्डा पाडता काय, लेकरा? आन् मला एक सांगा. काम फाट्यापासून सुरू केलं, तवा फाट्यावर सिमेट टाकलं का न्हाई?”

“टाकलं,” प्रतिक्षा मॅडम पटकन म्हणाल्या. “मोजमाप वहीत आहे. फाट्याचे बारा फूट धरलेत.”

“मंग बे घेतला आन् दहा सोडला. असा कसा पाढा म्हणतेत तुमच्या हापिसात?”

साहेबांनी माणिकरावांकडं पाहिलं. माणिकरावांनी गुत्तेदाराकडं. गुत्तेदारानं खड्ड्याकडं पाहिलं, आणि खड्ड्यातल्या एका बेडकानं डुबकी मारली. साहेबांनी आधी ओठ मिटून धरले, मग त्यांना आवरेना. हसून झाल्यावर ते मॅडमना म्हणाले, “लिहा. ‘ते’ या शब्दात शेवटचे ठिकाण समाविष्ट आहे. खड्ड्यासह काम करून मग दाखला.”

माणिकरावांनी विचारलं, असा अर्थ लावायला आधार काय लिहू?

“पाढे लिहा,” साहेब म्हणाले.

चौथ्या दिवशी मिक्सर आला. चुन्याचे आठ दगड निघाले, बेशरम मुळासकट निघालं, पाणी उपसलं, आणि दुपारपर्यंत बारा फूट सिमेंट पडलं. चाळीस प्लॉट बंद ठेवून माणसं उभी होती. कुणी हलगी आणली. जळबांनी स्वतः महिनाभर त्यावर पाणी मारलं आणि एक हळकुंडसुद्धा तिथं पडू दिलं नाही. दाखल्याची नक्कल त्यांना मिळाली: ‘जळबाचा खड्डा (खड्ड्यासह) : काम पूर्ण.’ ती त्यांनी तीनदा वाचली आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली. कागदावर नाव राहिलं ते राहिलं. जमिनीवर राहतं का, हा खरा प्रश्न होता.

रस्ता खुला झाल्यावर पहिले आठ दिवस घोटाळा झाला. गिऱ्हाईक शेडसमोरून सुसाट पुढं जाई आणि दोन मैलांवरून फोन करी, “अहो, खड्डा लागला न्हाई, मी कुठं हाव?” व्यंकटराव म्हणाले, धंद्यासाठी बारीकसा ठेवायला पाहिजे होता. जळबांनी त्यांच्याकडं पाठ करून ड्रम सुरू केला.

नवव्या दिवशी जवळा बाजारहून हळदीचा टेम्पो आला. ड्रायव्हर शेडसमोर अलगद थांबला, रस्त्याला हातानं थोपटलं, आणि मालकाला फोन लावला. जळबा ड्रमच्या मागं उभे राहून कान देऊन होते. ड्रम त्यांनी बंद केला.

“पोचलो, शेठ,” ड्रायव्हर सांगत होता. “व्हय, व्हय, तिथंच. दहाच्या पाढ्यापाशी. म्हातारीनं साहेबाला पाढा म्हणाया लावला ना, तिथं.”

जळबा आणखी थोडा वेळ थांबले. फोनवर भाव झाला, पोत्यांची गोष्ट झाली, पावसाची झाली. त्यांचं नाव आलं नाही. मग ते बाहेर आले, फाटकाच्या जागी खुर्चीत बसलेल्या मोतीबाईंच्या शेजारी भुईवर बसले.

“माय, ऐकलं का?”

“ऐकलं,” मोतीबाई म्हणाल्या. “ड्रम काहून बंद केलास? चालू कर. माल येऊन राहिलाय.”

त्या हिवाळ्यात त्या रोज काठी न घेता फाट्यापर्यंत जाऊन परत येत, आणि कुणी ‘कुठपर्यंत?’ विचारलं तर ‘फाट्यापर्यंत, फाटा धरून’ असं सांगत. मोतीबाई दोन हजार पंचवीसच्या बारा मार्चला, बुधवारी सकाळी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारल्या.